न रडणारा रुग्ण

एका कोड्यापासून सुरुवात करू. चांदवड तालुक्यातील एखादी वस्ती डोळ्यांपुढे आणा. मागे सातमाळा डोंगराची रांग, पुढे काळ्या दगडांचे बांध, बांधाला लागून सरपणाचा ढीग आणि शेजारी कांद्याची चाळ. मे महिन्यातील संध्याकाळ आहे. सरपण काढताना दोघा भावांना विंचू चावतो. थोरला नववीत आहे, धाकटा दुसरीत. थोरला पाय धरून जमिनीवर गडबडा लोळतो. त्याचे ओरडणे पलीकडच्या मळ्यापर्यंत ऐकू जाते. धाकटा आधी थोडा रडतो आणि मग गप्प होतो. तो आईच्या मांडीवर पडून आहे. त्याचा सदरा घामाने भिजला आहे, दोनदा उलटी झाली आहे आणि एवढ्या उन्हाळ्यातही त्याचे हात गार लागत आहेत. कोणीतरी म्हणते, “धाकट्याला फारसं काही झालेलं नाही. थोरल्याला आधी दवाखान्यात न्या.”

मोटारसायकलवर एकाच मुलाला नेता येईल असे समजा. तुम्ही कोणाला आधी न्याल?

बहुतेक लोक थोरल्याला नेतील. बरोबर उत्तर मात्र ‘धाकट्याला’ असे आहे. नेण्यासारखे दोघेही आहेत. पण ज्याच्या जिवाला धोका आहे तो न रडणारा मुलगा. ही साधी दिसणारी गोष्ट डॉक्टरांनाही फार उशिरा उमगली. ती उमगण्यात आपल्याच महाराष्ट्रातील एका ग्रामीण डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. ती हकिकत पाहू आणि तिच्या आधाराने एका मोठ्या प्रश्नाकडे वळू. मुलांचे गंभीर आजार कधी कधी डॉक्टरांच्याही नजरेतून का निसटतात?

बिरवाडीचे डॉक्टर

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे. घरची गरिबी. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. महाड आज रायगड जिल्ह्यात आहे. कोकणातल्या जांभ्या दगडांच्या भिंती, भाताचा पेंढा आणि सरपण ही लाल विंचवाची आवडती ठिकाणे. त्यामुळे विंचू चावलेले रुग्ण बिरवाडीत वरचेवर येत आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असत.

विंचू चावला म्हणजे दुखणार, दुखणे थांबवले की काम झाले, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. पाठ्यपुस्तकांतही या विषयाला फारशी जागा नव्हती. प्रत्यक्षात मात्र काही मुले काही तासांतच दगावत. मरण्यापूर्वी त्यांना धाप लागे, खोकल्याबरोबर तोंडातून गुलाबी फेस येई. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होते असे मुंडले या डॉक्टरांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलेही होते, पण हे पाणी का होते, ते होणार हे आधी कसे ओळखायचे आणि त्यावर उपाय कोणता, हे कळलेले नव्हते.

डॉ. बावस्करांनी काय केले? ते रुग्णाच्या खाटेजवळ बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारवा यांची नोंद ते पुन्हा पुन्हा करीत राहिले. यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, कागद आणि चिकाटी एवढे पुरते. अशा नोंदींतून एक आकृती स्पष्ट होऊ लागली. जी मुले पुढे अत्यवस्थ होत, त्यांच्यात सुरुवातीलाच काही खुणा दिसत. भरपूर घाम, उलट्या, तोंडाला सुटणारी लाळ आणि गार पडलेले हातपाय या त्या खुणा. मुलग्यांमध्ये जननेंद्रिय ताठर होणे ही आणखी एक खूण. लाजेमुळे ती कोणी सांगत नसे आणि कपड्यांखाली ती झाकलेलीच राही. उलट ज्यांना असह्य वेदना होत, पण यांपैकी एकही खूण नसे, ते बहुधा सुखरूप घरी जात. गंभीर रुग्णांना डंखाच्या जागी वेदना कमी असत. एवढेच नव्हे, तर असा रुग्ण सुधारू लागला की डंखाची जागा पुन्हा दुखू लागे.

धोक्याची सूचना देणाऱ्या या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

शरीरात काय घडते?

आता या खुणांमागचे कारण पाहू. आपल्या शरीरातील काही कामे आपण ठरवून करतो. उदाहरणार्थ, चेंडू फेकणे. काही कामे मात्र आपल्या इच्छेवाचून चालतात. घाम येणे, लाळ सुटणे, हृदयाची गती कमीजास्त होणे, रक्तवाहिन्या रुंद किंवा अरुंद होणे ही त्यांपैकी काही. ती चालवणाऱ्या व्यवस्थेला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात.

चेतातंतूतून संदेश जातो तेव्हा त्याच्या पातळ आवरणातील सोडियमची सूक्ष्म दारे क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने ही दारे वेळेवर मिटू देत नाहीत. मग तंतू संदेशामागून संदेश पाठवीतच राहतो. शाळेची घंटा वाजवणाऱ्या शिपायाचा हात थांबेनासा झाला तर शाळेत जसा गोंधळ उडेल, तसा शरीरात उडतो. सुरुवातीला घाम, लाळ आणि उलट्या. पाठोपाठ ॲड्रेनॅलिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांचा रक्तात पूर येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो आणि हृदयाचा स्नायू थकतो.

पुढचा भाग समजण्यासाठी मळ्यातील विहीर आठवा. विहिरीवरची मोटार पाणी उपसून पाइपाने शेताकडे ढकलते. आता पाइपाच्या टोकाशी असलेला कॉक कोणी आवळून टाकला. मोटार धडपडते, गरम होते; पण पाणी फारसे पुढे जात नाही. विहिरीतले झरे मात्र वाहतच असतात. परिणामी विहिरीतील पाण्याची पातळी वाढत जाते. आपल्या शरीरात मोटार म्हणजे हृदयाची डावी बाजू. आवळलेला कॉक म्हणजे अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या. आणि विहिरीच्या जागी आहेत फुप्फुसे, कारण हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त येते ते फुप्फुसांतून. तेथे रक्त तुंबले की रक्तातील पाणी झिरपून वायुकोशांत शिरते. ज्या पोकळ्यांत हवा असायची तेथे फेस होतो. डंख पायाला आणि जीव गुदमरतो फुप्फुसांत, तो असा.

लहान मुलालाच धोका अधिक का, हेही यावरून कळेल. विंचू माणूस बघून विष मोजून घालीत नाही. तेवढेच विष ६० किलो वजनाच्या माणसात आणि १५ किलो वजनाच्या मुलात गेले, तर मुलाच्या दर किलो वजनामागे ते चौपट पडते.

कॉक सैल करा

कारण कळले की उपायाची दिशा कळते. घाम आणि लाळ थांबवण्यासाठी पूर्वी ॲट्रोपिन नावाचे औषध दिले जाई. त्याने घाम थांबे. पण आधीच धावणारे हृदय आणखी धावे. म्हणजे डोळ्यांना दिसणारे लक्षण गेले आणि मूळ संकट वाढले. विहिरीच्या उदाहरणात सांगायचे तर मोटारीचा आवाज दाबून उपयोग नाही. कॉक सैल करायला हवा.

रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे रक्तदाबाच्या रुग्णांसाठी उपलब्ध होतीच. डॉ. बावस्करांनी आधी शिरेतून ठिबकत द्यायचे एक औषध वापरले. ते परिणामकारक होते. पण त्यासाठी रुग्णावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागे. खेड्यातील दवाखान्यात ते कठीण. मग त्यांनी प्राझोसिन हे तोंडाने द्यायचे औषध निवडले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही बरोबरीचा सहभाग होता. प्राझोसिनचा अनुभव सांगणारे त्यांचे टिपण १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. १९६१ ते १९८३ या काळात फुप्फुसांत पाणी झालेल्या विंचूदंशाच्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत असत. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यावर हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले.

पुढे विंचवाच्या विषावरची लसही मिळू लागली. ७० रुग्णांवर केलेला त्यांचा एक तौलनिक अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. लस आणि प्राझोसिन ही दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी ८. भारत सरकारने डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री दिली.

मोठ्याने बोलणारे लक्षण

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. घामाने भिजलेले मूल डॉक्टरांच्या पुढ्यातच होते. गार हात पकडून तर ते नाडी पाहत होते. मग एवढी वर्षे ही खूण निसटली कशी?

प्रत्येक आजाराची काही लक्षणे मोठ्याने बोलतात, काही हळू. वेदना, ताप आणि उलटी ही मोठ्याने बोलणारी लक्षणे. ती घरच्यांना दिसतात. घरचे डॉक्टरांना तेच सांगतात आणि डॉक्टरही तिकडेच वळतात. गार हात, जास्त लागणारी तहान, नेहमीपेक्षा जलद श्वास ही हळू बोलणारी लक्षणे. ती कोणी विचारली तरच सापडतात.

मुलांच्या बाबतीत आणखी तीन अडचणी असतात. पहिली म्हणजे लहान मुलाला आपल्याला काय होते आहे ते नेमके सांगता येत नाही, तर तुमच्या वयाच्या मुलामुलींना ते सांगायला संकोच वाटतो. दुसरी अडचण संख्येची. तापाची आणि उलटीची शंभर मुले आली तर त्यांतील बहुतेक साध्या आजाराचीच असतात. त्या गर्दीत एखादे गंभीर आजाराचे मूल इतरांसारखेच दिसते. तिसरी अडचण मुलाच्या शरीराची. निरोगी मुलाचे हृदय व रक्तवाहिन्या बराच वेळ तग धरतात. रक्तदाब शेवटपर्यंत ठीक राहतो आणि मग एकाएकी घसरतो. म्हणून सकाळी बरे दिसलेले मूल संध्याकाळी अत्यवस्थ होऊ शकते. सकाळच्या डॉक्टरांनी हयगय केली असेलच असे नाही; सकाळी ती खूण उमटलेलीच नसेल.

तहान आणि ओले अंथरूण

ही गोष्ट विंचवापुरती नाही हे दाखवण्यासाठी दुसरे एक उदाहरण घेऊ. ते थेट तुमच्या वर्गातले आहे.

मधुमेह हा मोठ्या माणसांचा आजार, असे आपल्याला वाटते. पण त्याचा एक प्रकार मुलांनाच अधिक होतो. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. यात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. फार गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही. इन्शुलिन नसले की रक्तातील साखर पेशींना वापरता येत नाही. ती रक्तात साठते आणि लघवीवाटे बाहेर पडू लागते. जाताना ती पाणीही ओढून नेते. म्हणून लघवी वरचेवर होते, तहान भागत नाही आणि भरपूर जेवूनही वजन उतरते. कित्येक वर्षे अंथरूण कोरडे ठेवणारे मूल पुन्हा रात्री अंथरूण ओले करू लागते.

ही सारी हळू बोलणारी लक्षणे. “उन्हाळा आहे, तहान लागणारच,” असे घरचे म्हणतात. “तासात तीनदा बाहेर जायला काय झालं?” असे शिक्षक म्हणतात. दरम्यान साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून आम्ल द्रव्ये रक्तात जमतात. आता मोठ्याने बोलणारी लक्षणे सुरू होतात. पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जलद चालतो. या अवस्थेत मुलाला दवाखान्यात नेले तर पोटदुखीवरून पोटाचा विकार आणि श्वासावरून न्यूमोनिया किंवा दमा वाटू शकतो. अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली गेली, तर साखरेत आणखी साखर पडते. वास्तविक बोटातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबाची तपासणी काही सेकंदांत खरे कारण सांगते. उपायही शंभर वर्षांपासून आहे. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे १४ वर्षांच्या लिओनार्ड टॉमसन या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातील मुले परतू लागली. उणीव आहे ती तपासणी वेळेवर सुचण्याची.

इटलीतील पार्मा प्रांतात या उणिवेवर एक सोपी युक्ती करण्यात आली. १९९१ पासून तेथील १७७ शाळांमध्ये भित्तिपत्रके लावली गेली. मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे काय, त्याला फार तहान लागते काय, वजन उतरले आहे काय, असतील तर लगेच तपासून घ्या, अशा अर्थाचा साधा मजकूर त्यांवर होता. मुलांच्या डॉक्टरांनाही तपासणीची साधने देण्यात आली. त्यापूर्वीच्या काही वर्षांत नव्याने मधुमेह आढळलेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुले आम्ल वाढलेल्या धोक्याच्या अवस्थेत दवाखान्यात पोचत. भित्तिपत्रकांनंतरच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. औषध तेच होते. फरक पडला तो हळू बोलणाऱ्या लक्षणांकडे शाळेचे आणि घराचे कान लागल्यामुळे.

तुम्ही काय करू शकता?

विंचू कोकणात आहे तसा आपल्या पठारावरही आहे. चांदवडच्या डोंगरउतारावर दगड उलटताना, सरपण उचलताना, सकाळी बूट घालताना आधी झटकून पाहा. दंश झालाच तर वर दोरी आवळू नका, जागा कापू नका, मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. मूल लहान असेल तर दुखणे कमी आहे म्हणून घरी थांबू नका. जवळच्या दवाखान्यात न्या किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. कोणते औषध किती द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील.

डॉक्टरांना मदत होईल अशी एक गोष्ट मात्र तुम्ही करू शकता. जाताना एक चिठ्ठी लिहा. दंश किती वाजता झाला? उलटी किती वेळा झाली? घाम आहे काय? हात गार आहेत काय? काही औषध दिले काय? इतर आजारांसाठीही अशीच चिठ्ठी उपयोगी पडते. लघवी किती वेळा झाली, पाणी किती प्यायले, खेळणे कधीपासून थांबले, एवढे लिहिले तरी हळू बोलणाऱ्या लक्षणांना आवाज मिळतो. आणि दवाखान्यातून परतल्यावर मूल अधिक मलूल वाटले, तर पुन्हा न्यायला संकोचू नका. “सकाळी आलो होतो, त्यानंतर हे नवीन दिसलं,” असे सांगितल्याने कोणत्याही चांगल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. दुसरी तपासणी ही पहिल्या तपासणीचाच पुढचा भाग असते.

शिक्षकांनाही एक विनंती. वरचेवर पाणी पिण्याची आणि बाहेर जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी, त्याच्या वजनाकडे आणि चेहऱ्याकडे एकदा पाहा. मग पालकांना चार ओळींचे पत्र पाठवा.

शेवटी एक प्रयोग. पाच मित्रांना दहा मिनिटे स्वस्थ बसवा. घड्याळ लावून प्रत्येकाची एका मिनिटातील नाडी आणि श्वास मोजा. हाताचा पंजा ऊबदार आहे की गार ते नोंदवा. आठवडाभर रोज त्याच वेळी मोजा आणि तक्ता करा. शक्य असेल तर घरातील एखाद्या लहान भावंडाचीही नोंद ठेवा. लहान मुलाची नाडी आणि श्वास तुमच्यापेक्षा जलद असल्याचे तुम्हाला आढळेल. निरोगी माणसाचे आकडे हाताखाली असले की बिघडलेले आकडे लगेच खटकतात. बिरवाडीच्या दवाखान्यात खाटेजवळ बसलेल्या डॉक्टरांनी सुरुवात केली ती अशाच तक्त्यापासून.